मदत हवी आहे : वय झालेली कबड्डी टीम मोडायची की हळूहळू बदलायची?

नमस्कार राजेहो. दारव्हा तालुक्यातल्या (यवतमाळ) आमच्या गावच्या टीमचे दोन्ही मुख्य चढाईपटू पस्तिशीपार गेले. उजव्या कोपऱ्यावरच्या दादाचा गुडघा पकडीत साथ देत नाही. नवे पोट्टे चपळ आहेत, पण बारावी झाली की पुण्याला कामाला जातात.

मी अमेरिकेतलं बास्केटबॉल पाहतो, तिथं टीम बदलायचे दोन रस्ते दिसले. बॉस्टन सेल्टिक्सनं २०१३ मध्ये पिअर्स आणि गार्नेट हे वय झालेले मुख्य खेळाडू ब्रुकलिनच्या टीमला देऊन पुढच्या ड्राफ्टचे (नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडायचे) हक्क घेतले. त्यातूनच २०१६ ला ब्राउन आणि २०१७ ला टेटम हे नवे पोट्टे आले, विजेतेपद मात्र २०२४ ला मिळालं. सॅन अँटोनियो स्पर्सनं जुन्या डंकनला ठेवून २०११ मध्ये तरणा लेनर्ड आणला अन् २०१४ ला दोघं मिळून जिंकले. तेव्हा डंकन ३८ वर्षांचा होता! आपल्याकडे ड्राफ्ट नाही, गावातले पोट्टे हीच भरती. म्हणून मला स्पर्सचाच रस्ता पटतो.

अडचण बचावाची आहे. कोपरा आणि कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू) यांची साखळी एका दिवसात जमत नाही. दादाला कोपऱ्यावरच ठेवून शेजारी कव्हरला नवा पोट्टा उभा करावा, की दादाला बदली खेळाडू करून फक्त तीन जण उरले असता सुपर टॅकलसाठी (तीन किंवा कमी जणांनी पकड केली की मिळणारा जादा गुण) आत आणावं? आणि ज्यांनी आम्हाला खेळ शिकवला त्यांना हे मान राखून सांगायचं कसं? कापूस वेचणी आटोपली की स्पर्धा सुरू होतील. ज्यांनी गावची टीम अशी बदलली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.