सुरुवात पोर्तुगालची नव्हे

व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानायची सुरुवात २००१ साली पोर्तुगालने केली, असं म्हटलं जातं. कायद्यापुरतं पोर्तुगालचं श्रेय मान्यच. पण देखरेखीखाली नशेची सुई टोचायची अधिकृत खोली स्वित्झर्लंडात, बर्नला, १९८६ सालीच उघडली होती. तेव्हा झुरिकच्या मुख्य स्टेशनालगतच्या, राष्ट्रीय संग्रहालयामागच्या प्लात्सश्पिट्झ बागेत दिवसाढवळ्या हेरॉइन टोचलं जायचं. १९९२ मध्ये बागेला कुलूप लागलं, तर अख्खा बाजार जवळच्याच लेटन नावाच्या बंद स्टेशनात सरकला!

मग १९९४ पासून, बाकीचे उपचार फसलेल्यांना दवाखान्यातच हेरॉइन द्यायला लागले. नर्स मोजून डोस देते, रुग्ण तिच्यासमोर टोचून घेतो. भेसळ नाही, उसनी सुई नाही. हे मूठभर उदारमतवाद्यांनी लादलं म्हणावं, तर ३० नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात ६८ टक्के लोकांनी होकार दिला. आणि गंमत बघा, त्याच दिवशी गांजा कायदेशीर करायचा प्रस्ताव त्याच मतदारांनी सुमारे ६३ टक्के मतांनी पाडला. म्हणजे नशेबद्दल प्रेम वगैरे काही नव्हतं. बागेतल्या सुया नको होत्या, एवढंच असावं.