मुलांसाठी कोडिंगचा वर्ग कसा निवडला? : अनुभव धागा

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कोडिंग, रोबोटिक्स आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती पालकांच्या मोबाईलवर येऊ लागतात. शुल्काचा आकडा मात्र चौकशी केल्याशिवाय कळत नाही. आपण वर्ग कशावरून निवडला किंवा नाकारला आणि मुलाला स्वतःहून काय करता येऊ लागले, हे कृपया सविस्तर लिहावे.

ठाणे, चौथीतल्या मुलाची आई

स्क्रॅच हे पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुले केलेले साधन मोफत आहे, तेव्हा आपण पैसे मोजतो ते शिकवणाऱ्याचे, हे मनाशी धरूनच मी वर्ग पाहायला गेले. एका ठिकाणी चाचणी तासातच मुलाने ‘ॲप तयार केले’ असे सांगण्यात आले, पण त्यातल्या चेंडूचा वेग कमी करून दाखव म्हटल्यावर त्याला काहीच सुचेना, कारण सगळे आधीच रचून ठेवलेले होते.

दुसरा वर्ग सोसायटीतल्याच एका निवृत्त शिक्षिकेचा होता. तिथे मुले वरून पडणाऱ्या कैऱ्या टोपलीत झेलण्याचा खेळ करत होती आणि एका मुलीच्या खेळात एक कैरी झेलली की गुण एकाने वाढण्याऐवजी भराभर वाढत सुटत. बाईंनी माऊसला हात लावला नाही. प्रत्येक ठोकळा मोठ्याने वाचायला लावला. ‘सतत करत राहा’ या ठोकळ्याच्या आत ‘टोपलीला स्पर्श झाला तर गुण एकाने वाढव’ असे लिहिलेले होते, त्यामुळे कैरी टोपलीला टेकलेली असेपर्यंत गुण वाढतच राहणार, हे तिचे तिलाच उमगले आणि स्पर्श होताच कैरीला पुन्हा वर पाठवण्याची सूचना तिने स्वतः जोडली. मी त्याच दिवशी मुलाचे नाव घातले.

नाशिक, सहावीतल्या मुलीचे वडील

शिकवण्याविषयी वरच्या ताईंनी लिहिलेच आहे. मी पैशांविषयी लिहितो. एका ऑनलाइन वर्गाच्या प्रतिनिधीने पूर्ण वर्षाचे शुल्क ‘विनाव्याज हप्त्यांत’ भरता येईल असे सांगून घाईघाईने आधार आणि पॅनचा तपशील मागितला. कागद वाचल्यावर लक्षात आले की हे वर्गाचे हप्ते नसून एका वित्त कंपनीने माझ्या नावावर द्यायचे कर्ज होते, म्हणजे मुलीने वर्ग सोडला किंवा शिक्षक बदलत राहिले, तरी हप्ता माझ्या खात्यातून जातच राहणार. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या नियमांनुसार सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांपुरते व्याज-शुल्क भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. ज्यांनी सही करून टाकली आहे त्यांनी ती मुदत आधी तपासावी. आम्ही महिन्याचे शुल्क महिन्याला घेणारा वर्ग शोधला, आणि तसे वर्ग आहेत, फक्त त्यांची जाहिरात दिसत नाही.

सोलापूर जिल्हा, विज्ञान शिक्षक

खासगी वर्गाकडे वळण्यापूर्वी जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून-मोडून पाहायची प्रयोगशाळा, आहे का, हे जरूर पाहावे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असून त्यासाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. काही ठिकाणी ती खोली कुलूपबंद असते, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे मुलांनी आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला) मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर जोडला, पण काही आठवड्यांनी पाणी न देताच आकडे भरकटू लागले. सेन्सर उपटून पाहिल्यावर त्याच्या पायांवरचा धातूचा थर खाल्ला गेलेला दिसला. ओल्या मातीत सतत वीज वाहिल्याने हे होते, म्हणून मोजणीपुरतीच वीज सोडायची असा बदल त्यांनी प्रोग्रॅममध्ये केला. वर्ग निवडताना मुले वस्तू घरी नेऊन बिघडवू शकतात का, असे मी तरी पहिल्यांदा विचारीन.

हिंजवडी, सॉफ्टवेअर अभियंता, दहावीतल्या मुलाचे वडील

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख माध्यमिक-पूर्व टप्प्यासाठी, म्हणजे सहावीपासून पुढे आहे. तेव्हा पहिलीतल्या मुलाला ‘उशीर होतोय’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला सरळ नमस्कार करावा. मोठ्या मुलांचे गणित वेगळे असते. माझ्या मुलाला गणिताची गोडी असल्याने आम्ही वर्गाऐवजी भारतीय संगणक ऑलिंपियाड या शालेय विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची वाट धरली. या स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातल्या झेडआयओ या परीक्षेत प्रोग्रॅम लिहावाच लागत नाही, केवळ तर्काने कोडी सोडवायची असतात. त्याच टप्प्यातल्या झेडसीओ या दुसऱ्या परीक्षेत मात्र प्रोग्रॅम लिहावे लागतात. जुने प्रश्न मोफत उपलब्ध आहेत. ज्याला फंक्शन (प्रोग्रॅममधला नाव देऊन पुन्हा वापरता येणारा सूचनांचा गट) म्हणजे काय हे सांगता येत नाही, त्याला ‘एआय तज्ज्ञ’ असे प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमांविषयी मी जेवढे कमी लिहीन तेवढे बरे.

लातूर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

मी मराठी माध्यमातला. नववीत लावलेल्या वर्गात सर इंग्रजीतून भराभर बोलत आणि पडद्यावरचे उतरवून घ्यायला सांगत, त्यामुळे त्रुटीचा संदेश आला की आम्ही नुसते त्याच्याकडे पाहत बसायचो. पुढे एका सीनियर दादाने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा तोच संदेश मराठीतून फोडून सांगितला: शेवटची ओळ आधी वाच, मग ओळीचा क्रमांक बघ. धाकट्या बहिणीसाठी वर्ग पाहताना मी चाचणी तासाला मागे बसलो आणि प्रोग्रॅम अडल्यावर शिक्षक काय करतात तेवढेच पाहिले. ज्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, तिथे तिला घातले नाही.