शब्दचर्चा : डायसायक्लोमिन हा अफूचा ‘उतारा’ का?

प्रश्न : व्यसनमुक्ती केंद्रातल्या परिचारिकांच्या माहितीपत्रकात डायसायक्लोमिन या पोटातल्या कळांवरच्या अँटिकोलिनर्जिक औषधापुढे ‘अफूचा उतारा’ असं लिहिलं तर चालेल का? अँटिकोलिनर्जिकला मराठीत काय म्हणावं?

उत्तर १ : ‘उतारा’ अजिबात नको. उतारा म्हणजे विषाचा असर मोडणारं औषध. अफूवर्गीय औषधांचा तो नॅलोक्सोन. मॉर्फिन (अफूतलं मुख्य द्रव्य) आतड्यातल्या चेतातंतूंमधून ॲसिटिलकोलीन (आतड्याला आकुंचन पावायला लावणारं रसायन) फारसं सुटू देत नाही, हे औषधशास्त्रज्ञ पॅटन यांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर दाखवलं. बद्धकोष्ठ होतं ते बरंचसं त्यामुळेच. अफू तुटली की दबलेलं ॲसिटिलकोलीन उसळतं, पोटात कळा येतात, जुलाब लागतात. डायसायक्लोमिन (एका वेळी १०–२० मिग्रॅ) कळा कमी करतं. तलफ आणि हाडांचं दुखणं तसंच राहतं. म्हणून ‘लक्षणशामक’ लिहा.

उत्तर २ : शब्द ‘अँटिकोलिनर्जिक’ असाच ठेवा, पहिल्यांदा आला की ‘ॲसिटिलकोलीनरोधक’ असा खुलासा द्या. नुसतं ‘कोलिनर्जिकवरचं औषध’ लिहिलं तर घोटाळा होईल. डोनेपेझिल (स्मृतिभ्रंशावरचं औषध) ॲसिटिलकोलीन मोडू देत नाही, म्हणजे वाढवतं. ॲट्रोपीन (हेही अँटिकोलिनर्जिक) त्याला ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागेवर, बसू देत नाही. दोन्ही एकाच नावाखाली आली की वाचणारा उलटाच अर्थ घेतो.

उत्तर ३ : पत्रकात हेही हवंच. ब्युप्रेनॉर्फिनचा (व्यसनमुक्तीसाठी देतात ते अफूवर्गीय औषध) पहिला डोस अफू तुटल्याचा त्रास पुरेसा दिसू लागल्यावरच द्यायचा, नाहीतर तेच त्रास भडकवतं. हा त्रास गुण देऊन मोजतात. ॲट्रोपीनसारखं औषध आधी गेलं असेल तर नाडी वाढते, बाहुल्या मोठ्या होतात आणि गुण फुगतात. उलट घाम आणि नाक सुकल्यानं गुण घटतातही. अंगावर आलेला काटा मात्र या औषधानं जात नाही. तो पाहा, आणि औषध दिल्याची वेळ तक्त्यात लिहा.

उत्तर ४ : जुलाबाच्या एका गोळीत डायफेनॉक्झिलेट २.५ मिग्रॅ (हे अफूवर्गीय) आणि ॲट्रोपीन ०.०२५ मिग्रॅ असतं. इथलं ॲट्रोपीन उपचारासाठी नसतंच, गैरवापराला आळा म्हणून घातलेलं असतं. एका गोळीत ते जाणवत नाही. वीस गोळ्यांत अर्धा मिग्रॅ होतं, तोंड कोरडं पडतं, छातीत धडधडतं. त्यानं अवलंबित्व सुटत नाही. लहान मुलानं या गोळ्या गिळल्या तर आधी चेहरा लाल, अंग गरम अशी ॲट्रोपीनची लक्षणं दिसू शकतात, आणि श्वास मंदावणं कित्येक तासांनी येऊ शकतं. मूल खेळायला लागलं तरी निदान २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावं, नॅलोक्सोन पुन्हा द्यायची तयारी ठेवावी.