‘आई’ म्हटलं की देव बाटतो का?

नगरची_सून:
काल एका काकांनी इथे लिहिलं, “देवाला आई म्हणणं हे अमेरिकेतलं खूळ आहे, आपल्याकडे आणू नका.” रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून लिहिते. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं उघडा की जरा! ख्रिस्ताला ते माउली म्हणतात. टिळक १९१९ साली गेले; तेव्हा अमेरिकेत देशभरच्या बायकांना मताचा हक्कही नव्हता. बायबलात यशया ६६:१३ मध्ये देव म्हणतो, आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. मत्तय २३:३७ मध्ये तर कोंबडी आणि तिची पिल्लं. माझ्या आजीच्या अंगणात घार फिरायला लागली की तांबडी कोंबडी पंख पसरून बसायची, पोटाखालून एखादी चोच तेवढी दिसायची. आजी म्हणायची, “बघ, प्रभू असा.” आजी अमेरिकेला काय, पुण्यालाही गेली नव्हती.

जुना_वसईकर:
ते काका आम्हीच. ताई, उपमा वेगळी आणि नाव वेगळं. उद्या “हे आमच्या स्वर्गातील कोंबडे” म्हणणार का? प्रभूने शिकवलं ते ‘पित्या’. आणि टिळकांच्या नगरला मिशन कुठलं होतं? अमेरिकेचंच ना!

नगरची_सून:
मिशन अमेरिकेचं, माउली आळंदीची.

हिब्रूवेडा:
‘पवित्र आत्मा’ मराठीत पुल्लिंगी, पण हिब्रूत ‘रुआख’ बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी. सिरियाक या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतल्या लिखाणातही आत्मा ‘ती’च. ग्रीकमध्ये नपुंसकलिंग झालं, लॅटिनमध्ये पुल्लिंग. वाटेत बाई हरवली.

जुना_वसईकर:
हिब्रूत ‘एव्हेन’ म्हणजे दगड, तोही स्त्रीलिंगीच. त्याला पण आई म्हणा.

हिब्रूवेडा:
बरं, लिंग म्हणजे नुसतं व्याकरण. मग ‘पिता’सुद्धा व्याकरणच समजा.

जुना_वसईकर:
नाही! प्रभू स्वतः ‘अब्बा’, म्हणजे बाबा, म्हणाला. ते नातं आहे, व्याकरण नाही.

मधली_लेक:
नात्याचंच बोलायचं तर माझा बाप रोज पिऊन यायचा. जिन्यावर चप्पल वाजली की आम्ही तिघी बहिणी पलंगाखाली. ‘पित्या’ म्हणताना आजही माझा घसा अडकतो. तुम्हाला उपमा-उपमा खेळायला बरं सुचतं.

गप्प_बसणारा:
वाईट वाटलं. पण माझी आई मारकुटी होती, उलथन्याचा डाग अजून हातावर आहे. बाबांनीच वाढवलं. मग मी देवाला काय म्हणू?

मधली_लेक:
तुम्ही पिता म्हणा. मला कशाला अडवता?

पापडीकर:
आमच्या कॅथलिकांत हे नवं नाही. १० सप्टेंबर १९७८ रोजी पोप जॉन पॉल पहिले म्हणाले होते की देव आपला पिता आहे, त्याहूनही अधिक आई आहे.

जुना_वसईकर:
३३ दिवसांचे पोप. पुढे बोला.

पापडीकर:
पोप ३३ दिवसांचा असला तरी पोपच असतो, काका. आता श्रद्धा कॅलेंडरवर मोजणार?

पहाटेची_मिस्सा:
माउली-माउली काय करताय? आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पहाटे साडेपाचला आणि इंग्रजी नऊला! म्हाताऱ्यांनी अंधारात ठेचकाळत जायचं. वेदीची कापडं आम्ही धुवायची, इस्त्री आम्ही करायची, आणि वेळ विचारली की “तरुणांना इंग्रजी हवं.”

मधली_लेक:
आमच्याकडे पण! गायनमंडळात मराठी गाणारे चारच उरलेत, त्यातल्या एकाला दमा.

हिब्रूवेडा:
विषयाला धरून लिहा राव.

पहाटेची_मिस्सा:
हाच विषय आहे. ‘माउली’ इंग्रजीत कशी म्हणशील? ‘मदर’ म्हटलं की डोळ्यांसमोर कॉन्व्हेंटची मदर सुपीरियर येते, हातात फूटपट्टी.

जुना_वसईकर:
हे मात्र पटलं. माझा नातू ‘आमच्या पित्या’सुद्धा इंग्रजीतच म्हणतो. मराठी मिस्सा गेली तर पिता काय नि माउली काय, दोन्ही गेले.

नगरची_सून:
काका, देवासाठी ‘माउली’ लिहिलंत!

जुना_वसईकर:
पिता आधी लिहिलाय. नीट वाचा.