मदत हवी आहे : फिलिपिन्समध्ये फाशी पुन्हा आणता येईल का?

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात गंभीर गुन्ह्यांसाठी मृत्युदंड पुन्हा सुरू करावा का, या विषयावर चर्चा आहे आणि उदाहरण म्हणून मी फिलिपिन्स निवडले आहे. 1987च्या राज्यघटनेने तेथे ही शिक्षा थांबवली, परंतु अत्यंत निर्घृण गुन्ह्यांसाठी ती परत आणण्याची मुभा काँग्रेसला (तेथील संसदेला) ठेवली. 1993मध्ये ती परत आली, 1999 आणि 2000 या दोन वर्षांत विषारी इंजेक्शनने सात जणांना मृत्युदंड दिला गेला आणि 2006मध्ये कायदा पुन्हा रद्द झाला.

माझी खरी अडचण पुढे आहे. 2007मध्ये या देशाने मृत्युदंड रद्द करण्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला मान्यता दिली आणि त्या करारनाम्यात माघार घेण्याची तरतूदच नाही. तरीही 2017मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंड आणणारे विधेयक कनिष्ठ सभागृहाने संमत केले; ते सिनेटमध्ये अडकले. घटनेतील मुभा आणि आंतरराष्ट्रीय बंधन यांत तेथील न्यायालये कशाला वजन देतील, हे आंतरराष्ट्रीय कायदा जाणणाऱ्या कोणी समजावून सांगावे.

माझा स्वतःचा कल शिक्षा परत आणण्याच्या विरोधात आहे, कारण खालच्या न्यायालयांनी दिलेल्या मृत्युदंडांपैकी बहुसंख्य प्रकरणांत निकाल बदलावा किंवा रद्द करावा लागल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच 2004मध्ये नमूद केले होते. (आपल्याकडील ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा 1980चा निकष मला माहीत आहे, तो येथे नको.) समर्थकांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद कोणता, हेही कृपया लिहावे.