जी४१ मदरबोर्डवर ४ जीबीची रॅम का चालत नाही?

प्रश्न

माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, इंटेल जी४१ चिपसेटचा दोन स्लॉटचा मदरबोर्ड आणि डीडीआर३ प्रकारची २ जीबीची एकच स्टिक आहे. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले तरी तो अडखळू लागतो, म्हणून मी १६०० मेगाहर्ट्‌झची ४ जीबीची नवी स्टिक आणली. ती स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते. परंतु संगणक सुरू केल्यावर केवळ बीप ऐकू येतात आणि स्क्रीन काळीच राहते. जुनी स्टिक लावली की सारे पूर्ववत चालते. मदरबोर्डच गेला असल्याचे दुकानदार सांगतात. १६०० हा वेग त्याला झेपत नसेल का?

उत्तर १

अडचण वेगाची नाही. जास्त वेगाची स्टिक कमी वेगाने चालू शकते. आपल्या संगणकावर ती १०६६ वर चालली असती. जुन्या स्टिकवर संगणक सुरू होतो, त्या अर्थी मदरबोर्डही बहुधा धडधाकट आहे. स्टिकवरील एकेक चिप किती क्षमतेची आहे, हे येथे पाहावे लागते. मदरबोर्डवरील रॅम हाताळणारा जी४१ चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतो, आणि ४ जीबी म्हणजे (एका बाइटचे आठ बिट धरून) ३२ गिगाबिट असल्यामुळे त्या हिशेबाने स्टिकवर १६ चिप हव्यात. पुढे ४ गिगाबिटच्या चिप आल्या आणि तेवढीच क्षमता आठ चिपमध्ये मावू लागली; त्या मात्र जी४१ ओळखत नाही. आपल्या स्टिकवरच्या चिप मोजून पाहाव्यात.

प्रश्नकर्ता

मोजल्या. एका बाजूला आठ आहेत, दुसरी बाजू कोरी आहे आणि लेबलवर '१आर×८' असे छापले आहे. मग १६ चिपची कोणतीही स्टिक घेतली तर चालेल का?

उत्तर २

कोणतीही नको. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या ४ जीबीच्या स्टिकवरही १६ चिप असतात, परंतु त्यांतील प्रत्येक चिप एका वेळी आठऐवजी चारच बिट देत-घेत असल्यामुळे इंटेलच्या या चिपसेटवर त्या चालत नाहीत. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड स्टिकचेही तेच. खाच त्याच जागी असल्याने त्या बसतात, पण संगणक सुरू होत नाही. म्हणून चिप मोजण्यावर न थांबता लेबलवर '२आर×८' (म्हणजे एका वेळी आठ बिट देणाऱ्या चिपचे दोन संच) आणि १.५ व्होल्ट असल्याची खात्री करावी. अशी नवी स्टिक शोधत बसण्यापेक्षा, त्याच काळातील संगणकातून काढलेली जुनी स्टिक, न चालल्यास परत घेण्याच्या बोलीवर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

उत्तर १

एक राहिले. विंडोज ३२ बिटची असेल, तर एकूण ६ जीबी बसवूनही त्यातील ४ जीबीहून कमीच वापरात येईल. त्यामुळे आधी ६४ बिटची विंडोज आहे का ते पाहावे, आणि स्टिक बसवल्यावर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावे.