८०० चा खालचा पत्रा कुजलाय, फायबर मारू की कापून नवा घालू?

रत्नांग्री_८००:
नमस्कार मंडळी, बाबांची १९९८ ची मारुती ८०० आहे, इंजिन टकाटक पण खाऱ्या हवेनं पत्र्याची वाट लागलीय. ड्रायव्हरच्या दाराखाली सिलला, म्हणजे बॉडीच्या उंबऱ्याला, रंगाचा फोड आला होता, सहज किल्लीनं टोकरला तर पापुद्रा सुटला आणि अख्खं बोट आत. दाराची खालची कडपण फुगलीय. एक डेंटर म्हणतो फायबर लावून वरनं लांबी (पुट्टी) मारतो, दोन दिवस, साडेचार हजार. दुसरा म्हणतो कापून पत्रा वेल्ड करायचा, आठवडा आणि १६ हजार. गाडी विकायची नाहीये, बाबा रोज सकाळी पुसतात तिला. काय करू?

घाटमाथा:
फायबरच्या नादाला लागू नका राव. ८०० ला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार घेते आणि सिल तर त्यातलं मुख्य. मी केलाय हा शहाणपणा. चार महिने झकास दिसलं, मग गणपतीला गावी जाताना टायर पंक्चर, जॅक लावला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच कुर्रकन पत्र्यात घुसला. बायको पोरांना घेऊन रस्त्याच्या कडेला, हातात मोदकांचा डबा.

पत्रेवाला:
माझं हेच काम आहे म्हणून सांगतो. आधी मॅट आणि खालचा नमदा (जाड फेल्टचा थर) उचला, तो ओला असला तर फ्लोअर पण बघावा लागेल, स्क्रूड्रायव्हरनं टोचत जा, जिथं खणखणीत लागेल तिथपर्यंत कापायचं, भोकापुरतं नाही. २० गेजचा पत्रा घ्या. सीओटू (गॅसवालं) वेल्डिंगच करून घ्या, तेही इथे एक टाका तिथे एक टाका असं, सलग ओढलं की पत्रा तापून वाकतो आणि मग दार डब्यासारखं टकटक वाजत बसतं. बॅटरीची वायर काढायला लावा, सीट आणि नमदा बाहेर, पाण्याची बादली जवळ. नंतर इपॉक्सी प्रायमर, आणि सिलच्या आतून वॅक्स, ते काम बरेच डेंटर टाळतात, उभं राहून मारून घ्या. आणि हो, दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती तपासा, बुजली असतील तर नवा पत्रापण जाईल.

रत्नांग्री_८००:
दादा आत्ताच तार घालून बघितलं, पाव तांब्या चहाच्या रंगाचं पाणी आलं!! वर मातीचा गोळा. कधीतरी गाडीला खालनं काळं कोटिंग मारलं होतं, त्यातच भोकं बुजली वाटतं. दाराला पण पत्राच मारू की जुनं दार शोधू?

पत्रेवाला:
फक्त कड गेली असेल तर पट्टी बसेल. आतली चौकटपण खाल्ली असेल तर भंगारातलं दार बघा, पण किनाऱ्याकडचं नको, सोलापूर सांगलीकडचं कोरड्या हवेतलं मिळालं तर उत्तम. जाताना लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या, जिथं चिकटत नाही तिथं लांबी भरलीय समजा.

घाटमाथा:
रंगाचं आधीच बोलून घ्या, जुना पांढरा पिवळट पडलेला असतो, एकच दार नवं पांढरं केलं की शर्टाला ठिगळ दिसतं तसं दिसतं.

रत्नांग्री_८००:
ठरलं, कापूनच करतोय, सोमवारी गाडी टाकतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग आठवडाभर मी सकाळी काय पुसू?